खोडलेलं कलम

हाताची तर्जनी मुळापासून गेली तर १४ टक्के. तिची दोन पेरं गेली तर ११, एक पेर गेलं तर ९, आणि हाड शाबूत राहून नुसतं टोक उडालं तर ५. मधलं बोट पूर्ण गेलं तर १२. अनामिका किंवा करंगळी असेल तर ७. अंगठ्याला ३०, कारण अंगठा नसला की उरलेल्या चार बोटांना काही धरता येत नाही.

हे कोष्टक १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातलं. टक्के कसले, तर कमाईची ताकद किती गेली त्याचे. कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. पुढे त्यात अनेक दुरुस्त्या झाल्या, आणि आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळला आहे. कोष्टक मात्र नव्या संहितेच्या परिशिष्टातही आहेच.

या टक्क्यांचे रुपये कसे होतात ते एकदा नीट पाहू. समजा पंचवीस वर्षांचा मुलगा आहे, महिना १८,००० रुपये मिळवतो आणि त्याची तर्जनी गेली. या कायद्याच्या हिशेबाला पगाराची कमाल मर्यादा आहे, जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. याला वयाच्या गुणकानं गुणायचं. पंचविशीला तो २१६.९१ आहे. येतात १९,५२,१९०. त्याचे १४ टक्के म्हणजे २,७३,३०६ रुपये. एकरकमी. मालकानं महिन्याच्या आत दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि कारण पटण्यासारखं नसेल तर निम्म्यापर्यंत दंड.

हाच मुलगा ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल तर हिशेब वेगळा होतो. तिथं १५,००० चा अडसर नाही. जखम भरेपर्यंत पगाराच्या ९० टक्के भत्ता. मग मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं, आणि तेवढ्या प्रमाणात आयुष्यभर मासिक रक्कम. १८,००० वर १४ टक्के धरले तर महिना २,२६८ रुपयांच्या आसपास. त्यासाठी किमान इतके दिवस नोकरी झालेली असावी अशी अट नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी बोट गेलं तरी हक्क लागू. शिवाय उपचार फुकट. गरीब माणसाच्या हातात एकदम आलेले अडीच-पावणेतीन लाख बहुधा घराचं कर्ज, बहिणीचं लग्न यांत वर्षभरात संपतात. दर महिन्याला येणारे सव्वादोन हजार तेवढे सहज संपत नाहीत. मला ईएसआयची पद्धत जास्त माणुसकीची वाटते, हे आधीच सांगून टाकतो.

पण दोन्ही हिशेब सुरू होतात ते बोट गेल्यानंतर. बोट जाऊ नये हे बघायचं काम कुणाचं? आणि ज्याच्या तिजोरीतून भरपाई जाते, त्याला त्या यंत्रापाशी जाऊन उभं राहण्याचा अधिकार आहे का? जगात काही देशांनी या दोन प्रश्नांचं उत्तर एकाच संस्थेच्या हाती दिलं आहे. आपल्याकडे ती दोन वेगळी खाती आहेत, आणि त्यांच्यामध्ये एक भिंत आहे. ती मुळात एवढी उंच नव्हती. कायद्याच्या पुस्तकातलं एक कलम खोडून ती उंच केली गेली.

आधी यंत्र पाहू.

भोसरी, चाकण, तळवडे, कुदळवाडी या पट्ट्यात पत्र्याच्या शेडखाली ओळीनं उभ्या असलेल्या प्रेस हे नेहमीचं दृश्य. गाडीचं ब्रॅकेट, वॉशर, सीटखालची पट्टी, सायलेन्सरची क्लिप, सगळं इथं पत्र्यातून कापलं आणि वाकवलं जातं. बाजूला जड फ्लायव्हील सतत गरगरत असतं. कामगार पायानं पेडल दाबतो, क्लचची चावी फ्लायव्हीलमध्ये अडकते, रॅम खाली येतो, डायमधल्या पत्र्याला आकार मिळतो आणि रॅम वर जातो. मग हात आत घालायचा, तयार तुकडा काढायचा, नवा पत्रा बसवायचा, हात बाहेर, पुन्हा पेडल. बारा तासांच्या पाळीत तो हात हजारो वेळा आत जातो आणि हजारो वेळा बाहेर येतो. पाळी संपताना सुपरवायझर विचारतो तो काउंट, म्हणजे किती तुकडे निघाले.

चावी-क्लचच्या जुन्या प्रेसची एक खोड आहे. एकदा रॅम सुटला की तो पूर्ण फेरा करूनच थांबतो. त्याला अर्ध्यात ब्रेक नाही. म्हणून अशा प्रेसपुढे प्रकाशाच्या पडद्याचा सेन्सर लावून छायाचित्र चांगलं येतं, पण बोट वाचत नाही. सेन्सरला हात दिसला तरी रॅमला थांबता येत नाही. तिथं डायभोवती पक्कं जाळीचं गार्ड हवं, म्हणजे हात आत जाणारच नाही. नाहीतर दोन्ही हातांनी दोन बटणं एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस सुटणार नाही अशी रचना हवी आणि बटणं डायपासून पुरेशी लांब हवीत. तुकडा काढायला चिमटा किंवा चुंबक हवा. आणि देखभाल तर हवीच हवी. कारण चावी झिजली किंवा तिची स्प्रिंग मोडली की पेडलला पाय न लावताही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. कामगारांच्या तोंडी याला दोन शब्द आहेत: 'डबल पडली'. त्या क्षणी हात आत असतो, कारण काम तेच आहे.

यात अज्ञात असं काहीच नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमात यंत्राच्या धोकादायक भागाला भक्कम कुंपण घालण्याची सक्ती होती. प्रेसचं गार्ड कसं असावं हे अभियांत्रिकीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही सांगता येईल. तरीही बोटं जातात, आणि गेली की पहिलं वाक्य येतं ते कामगाराच्या चुकीचं. लक्ष नव्हतं. मोबाइल बघत होता. सेन्सर त्यानंच बंद केला.

या वाक्यामागे कायद्याचं गणित आहे. १९२३ च्या कायद्यात मालकाला एक सुटका दिलेली होती: कामगारानं संरक्षक गार्ड जाणूनबुजून काढलं असेल तर, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व सोडता, भरपाई देणं लागत नाही. एक-दोन बोटं म्हणजे पूर्ण अपंगत्व नव्हे. त्यामुळे 'त्यानंच काढलं' हे सिद्ध झालं की विषय संपतो. काउंट वाढावा म्हणून गार्ड काढायला कुणी सांगितलं होतं, हा प्रश्न साक्षीदारांवर येऊन अडतो, आणि साक्षीदार त्याच शेडमध्ये उद्या पुन्हा कामाला येणार असतात. ईएसआयच्या कायद्यानं इथं मोठं मन दाखवलं. कामगार नियम मोडून वागला असला, तरी तो मालकाच्याच कामासाठी तसं वागला असेल तर अपघात कामावरचाच मानायचा, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

आता थोडं मागं जाऊ, कारण हा प्रश्न मुंबईत फार पूर्वी, फार नेमक्या शब्दांत मांडला गेला होता. सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली. बोलावणारे नारायण मेघाजी लोखंडे, 'दीनबंधू'चे संपादक, जोतीराव फुल्यांचे सहकारी. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारच्या फॅक्टरी कमिशनसाठी तयार झालं. रविवारच्या सुटीची मागणी सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ती पुढे मान्य झाली आणि आपण सगळेच ती उपभोगतो. त्याच निवेदनातल्या दुसऱ्या एका मागणीकडे मात्र फारसं कुणी वळून पाहत नाही. कामावर जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि जो जन्माचा अपंग झाला त्याच्या उदरनिर्वाहाची योग्य तरतूद करावी, अशी ती मागणी होती.

याच १८८४ सालात, ६ जुलैला, जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारनं अपघात विम्याचा कायदा केला. बिस्मार्कला कामगारांचा कळवळा होता असं नाही. समाजवाद्यांची ताकद तोडण्यासाठी त्यानं तो केला. पण कायद्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. एकेका उद्योगातल्या मालकांनी मिळून आपला अपघात विमा संघ बांधायचा. वर्गणी पूर्ण मालकांची, कामगाराची दमडी नाही. त्या बदल्यात कामगारानं मालकावर दावा लावायचा हक्क सोडायचा. आणि या संघांना अपघात टाळण्याचे नियम करायचा आणि ते पाळले जातात का हे तपासायला आपले तांत्रिक निरीक्षक नेमायचा अधिकार मिळाला. पैसे मोजणारा आणि गार्ड तपासणारा एकच झाला.

यातून काय होतं त्याचं एक उदाहरण लाकूडकामाच्या धंद्यातलं. रंधा मारायच्या यंत्राला पूर्वी चौकोनी शाफ्ट असे. फिरताना त्याच्या कोपऱ्यांमध्ये मोठी फट राहायची, हात घसरला की तो आत ओढला जायचा आणि बोटंच्या बोटं जायची. गोल शाफ्ट निघाला, त्यात फट जेमतेम राहते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन लाकूड उद्योगाच्या विमा संघानं गोल शाफ्टचा आग्रह धरला, पुढे तो सक्तीचा झाला. त्यांना तो धरावासा वाटला याचं कारण उघड आहे: प्रत्येक तुटलेल्या बोटाचं पेन्शन त्यांच्याच वहीत चढत होतं.

बोखुमला १८९० मध्ये खाण उद्योगाच्या विमा संघानं जखमी खाणकामगारांसाठी बेर्गमान्सहाइल हे रुग्णालय उभारलं. अपघातग्रस्तांसाठीचं जगातलं पहिलं रुग्णालय म्हणून ते ओळखलं जातं. जर्मन व्यवस्थेचं आजचं धोरण असं की आधी माणूस पुन्हा कामाला लावायचा प्रयत्न पूर्ण करायचा, पेन्शनचा विचार त्यानंतर. वर्गणीही सगळ्यांना सारखी नाही. छप्पर घालणाऱ्याचा धोका वेगळा, कारकुनाचा वेगळा, म्हणून दर वेगळे.

स्वित्झर्लंडनं हेच सूत्र एका राष्ट्रीय संस्थेत बांधलं. ल्यूत्सर्नच्या 'सुवा'चं काम १९१८ मध्ये सुरू झालं. विमा तीच देते, कारखान्यात जाऊन तपासणी तीच करते, बेलिकोन आणि सियोन इथली पुनर्वसन रुग्णालयं तीच चालवते. तिच्या चाळीस जणांच्या परिषदेत सोळा कामगारांचे, सोळा मालकांचे आणि आठ केंद्र सरकारचे प्रतिनिधी असतात. सुरक्षेचे नियम पाळत नाही अशा कारखान्याचा हप्ता वाढवण्याचा अधिकार तिला आहे. नफा मिळवायचा नाही, शिल्लक राहिली तर ती हप्ते कमी करून परत द्यायची. ऑस्ट्रेलियात केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९८८ पासून 'कॉमकेअर' आहे, तीही भरपाई आणि सुरक्षा दोन्ही पाहते. न्यूझीलंडनं १९७४ मध्ये तर भरपाई देताना कामावरचा, रस्त्यावरचा, घरातला असा अपघातांचा भेदच ठेवला नाही.

आपल्याकडे लोखंड्यांच्या निवेदनानंतर एकोणचाळीस वर्षांनी भरपाईचा कायदा झाला. ना. म. जोशी त्या वेळी मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे नामनियुक्त प्रतिनिधी होते. हा कायदा इंग्लंडच्या धर्तीवरचा, म्हणजे प्रत्येक मालक आपापला जबाबदार. मागं विमा नाही, संघ नाही. मालक बुडाला किंवा पळाला तर कामगाराच्या हातात निकालाचा कागद.

दुसरं महायुद्ध चालू असताना विम्याचा विचार सुरू झाला, आणि त्याची आखणी एका मराठी अर्थशास्त्रज्ञानं केली. प्राध्यापक बी. पी. आडारकर. १९४३ मध्ये त्यांच्यावर हे काम सोपवलं तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. आडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे मॉरिस स्टॅक आणि रघुनाथ राव यांनी तो तपासला आणि सुचवलं की आजारपणाच्या विम्यात बाळंतपण आणि कामावरचे अपघातही घ्यावेत. १९४८ मध्ये कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कानपूरला योजनेचं उद्घाटन झालं. आडारकरांना नेहरू 'छोटा बेव्हरिज' म्हणत. ब्रिटनच्या सामाजिक सुरक्षेचा आराखडा करणारे सर विल्यम बेव्हरिज आपल्या वाचकांना ठाऊक असतात, आडारकर बहुधा नसतात. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या कामगार रुग्णालयाला त्यांचं नाव द्यायला हरकत नाही.

आता ते कलम. १९४८ च्या मूळ ईएसआय कायद्यात ६६ क्रमांकाचं कलम होतं. त्याचा आशय असा: मालकानं सुरक्षेचे नियम पाळण्यात हयगय केली, किंवा त्याच्या गैरकृत्यामुळे कामगाराला इजा झाली, तर त्या कामगाराला ही योजना चालवणारं महामंडळ पुढे जे भत्ते देणार आहे त्यांची आजची एकूण किंमत काढून महामंडळानं ती मालकाकडून वसूल करावी. म्हणजे पंचवीस वर्षांच्या मुलाला जन्मभर महिना सव्वादोन हजार द्यायचे असतील, तर विमागणितानं त्याची जी रक्कम होईल ती ज्याच्या गार्ड नसलेल्या प्रेसखाली बोट गेलं त्या मालकाच्या खिशातून यावी. कामगाराचा हप्ता मालक बुडाला म्हणून थांबणार नाही, कारण द्यायचं महामंडळानं. आणि मालकालाही नुसती वर्गणी भरून सुटका नाही. जर्मनीला किंवा स्विसांना जे साधलं, त्याचं बीज या एका कलमात होतं.

१९६६ च्या ४४ व्या कायद्यानं हे कलम रद्द केलं.

तेच १९६६. त्याच वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, आणि दरवर्षी ४ मार्चला कारखान्यांच्या फाटकांवर हिरवे झेंडे लागतात, कामगार शपथ घेतात, घोषवाक्यांची स्पर्धा होते. परिषदेनं प्रशिक्षणाचं काम केलं आहे आणि ते उपयोगाचं आहे. पण सुरक्षा शिकवण्याचा विषय झाला आणि वसुलीचा विषय उरला नाही, हा बदल त्या एका वर्षात झाला असं कागद पाहताना स्पष्ट दिसतं.

ईएसआय कायद्यात एक भाऊबंद कलम अजून उरलं होतं, ६९ वं. कारखान्यातल्या अस्वच्छतेमुळे किंवा आरोग्याचे नियम न पाळल्यामुळे आजारपण वाजवीपेक्षा जास्त वाढलं, तर जादा खर्च मालकाकडून घ्यावा, असं ते सांगत होतं. नव्या संहितेतही ही तरतूद आली आहे. पण ती आजारपणाच्या भत्त्यापुरती आहे. बोटाला लागू नाही.

आज ईएसआयची वर्गणी जुलै २०१९ पासून एकूण ४ टक्के आहे: मालकाचे ३.२५, कामगाराचे ०.७५. पगार २१,००० पर्यंत असणाऱ्यांना योजना लागू. आणि हा दर सगळ्यांना एकच. लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या दुकानाला ३.२५, आणि वीस उघड्या प्रेस असलेल्या शेडलाही ३.२५. दहा वर्षांत एकही अपघात न झालेल्या कारखान्याला तेवढंच, आणि दर पावसाळ्यात दोन-चार जणांना दवाखान्यात पाठवणाऱ्यालाही तेवढंच. साडीच्या दुकानातली सेल्सगर्ल आपल्या पाऊण टक्क्यातून प्रेसवाल्याच्या निष्काळजीपणाचा भार उचलते. एकमेकांचा भार उचलणं हे विम्याचं मूळच आहे, त्याला माझा विरोध नाही; पण आजारपण ही आपत्ती आहे आणि काढून ठेवलेलं गार्ड हा निर्णय आहे. या दोन्हींना एकच दर लावला तर निर्णय घेणाऱ्याला त्याची किंमत कधी कळतच नाही.

दुसऱ्या खात्याकडे वळू. कारखान्यांची तपासणी राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. त्याला तांत्रिक पाठबळ देणारी केंद्राची संस्था मुंबईत शीवला आहे: कारखाना सल्ला सेवेचं महासंचालनालय, १९४५ मध्ये सुरू झालेलं, तिथंच केंद्रीय श्रम संस्था. जाणकार माणसं तिथं आहेत, प्रयोगशाळा आहेत. पण भोसरीतल्या शेडमध्ये जाऊन प्रेस बंद करा असं सांगण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही, तो राज्याच्या निरीक्षकाकडे. निरीक्षकानं खटला भरला तर तो दंडाधिकाऱ्यापुढे चालायचा, आणि कारखाने कायद्यात गंभीर इजेसाठी किमान दंड होता पाच हजार रुपये. तो सरकारजमा होई. बोट गेलेल्याला त्यातला रुपयाही मिळत नसे.

ईएसआयच्या कार्यालयात मात्र प्रत्येक अपघाताची वर्दी येते. फॉर्म १२ नावाचा तो कागद. कोणत्या कारखान्यात, कोणत्या यंत्रावर, किती वाजता, कोणतं काम करताना, साक्षीदार कोण, हे सगळं त्यात असतं. कोणत्या गल्लीतली कोणती प्रेस बोटं खाते हे देशात कुणाला ठाऊक असेल तर ईएसआयला. पण त्या कागदाचा उपयोग पैसे द्यायचे की नाहीत हे ठरवण्यापुरता होतो. महामंडळाचा माणूस हजेरीपट आणि वर्गणीच्या पावत्या तपासतो, डायपाशी जात नाही. ते त्याचं काम नाही. डायपाशी जाणाऱ्याकडे पाच हजारांचं हत्यार होतं. आणि बरेचसे दवाखाने राज्य सरकार चालवणार, पैसे मुख्यतः महामंडळ देणार, म्हणजे तिथं पुन्हा दोन घरं.

शिवाय वर्दी येते म्हणजे सगळ्याच अपघातांची येते असं नव्हे. ठेकेदारामार्फत आलेल्या पोराचं नाव महिनोन् महिने ईएसआयला घातलेलंच नसतं. बोट गेलं की त्याला खासगी दवाखान्यात नेतात, आणि तो तिथं पडलेला असताना त्याचा विमा क्रमांक काढला जातो. गुरुग्राम-मानेसर पट्ट्यात सुरू झालेली आणि आता महाराष्ट्रातही काम करणारी 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या जखमी कामगारांची माहिती त्यात असते. त्यात हेच पुन्हा पुन्हा येतं: बहुतेकांची बोटं गेलेली, त्यात पॉवर प्रेसचा वाटा सगळ्यांत मोठा, आणि विम्याचं पहचान कार्ड हाती पडलं ते अपघातानंतर. कायद्यात यावर उपाय आहे. मालकानं वर्गणी भरली नसली तरी महामंडळ कामगाराला लाभ देऊ शकतं आणि मालकाकडून वसूल करू शकतं. हे कामगाराला कुणी सांगायला हवं.

आता दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही. हप्ता अपघातांशी बांधला की अपघात लपवले जातात. जिथं जिथं तशी पद्धत आहे तिथं तिथं हा अनुभव आहे. फॉर्म १२ भरलाच नाही, पोराला गावाकडं पाठवलं, पन्नास हजार रोख हातावर ठेवले, प्रकरण मिटलं. आपल्याकडे हे आजही होतं, उद्या जास्त होईल. म्हणून नुसत्या अपघातांच्या संख्येवर हप्ता ठरवणं मला योग्य वाटत नाही. हप्ता यंत्राच्या अवस्थेवर ठरावा: चावी-क्लच आहे की मधूनच थांबणारी प्रेस आहे, गार्ड आहे की नाही, देखभालीची वही आहे की नाही. यंत्र लपवता येत नाही.

लहान कारखानदाराचंही ऐकलं पाहिजे. तो ज्या मोठ्या कंपनीला ब्रॅकेट पुरवतो, ती दरवर्षी भाव खाली मागते. माल एक दिवस उशिरा गेला तर दंड. नवी प्रेस घ्यायची तर बँकेत जायचं. या साखळीच्या टोकाला बोट जातं, आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला चकचकीत शोरूममध्ये गाडीच्या चाव्या हातात देताना फोटो काढतात. मोठ्या कंपन्या पुरवठादाराच्या वॉशरची जाडी दशांश मिलिमीटरमध्ये तपासतात. तपासायला आलेला त्यांचाच माणूस डायच्या गार्डकडेही पाहू शकतो. काही कंपन्यांनी तसं पाहायला सुरुवात केली आहे, पण ती पहिल्या फळीच्या पुरवठादारांपुरती. बोटं तिसऱ्या आणि चौथ्या फळीत जातात.

आणि या सगळ्या चर्चेबाहेर केवढी माणसं राहतात! ७ जून २०२१ रोजी मुळशीतल्या उरवड्याच्या रासायनिक कारखान्यात आग लागली. १७ जीव गेले, त्यात १५ बाया. २३ मे २०२४ ला डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट झाला. त्याच डोंबिवलीत २०१६ च्या मे महिन्यातही झाला होता. अशा घटनेनंतर मुख्यमंत्री निधीतून मदत जाहीर होते. मदत मिळावीच. पण ती सरकारी तिजोरीतून येते, म्हणजे पुन्हा आपल्या सगळ्यांच्या. ऊस तोडणाऱ्या, वीटभट्टीवरच्या, मळणी यंत्रात हात गेलेल्या माणसाला तर फॉर्म १२ ही चीजच माहीत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यातल्या काही गोष्टी चांगल्या आहेत आणि त्या मोकळेपणानं मान्य केल्या पाहिजेत. गंभीर इजेसाठीचा दंड पाच हजारांवरून किमान दोन लाखांवर गेला, मृत्यूसाठी किमान पाच लाख. त्या दंडाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग इजा झालेल्याला किंवा त्याच्या वारसांना द्यावा असं न्यायालय सांगू शकतं. घरून कामावर जाता-येतानाचा अपघातही आता कामावरचा धरला जाऊ शकतो. सरकारनं धोकादायक म्हणून जाहीर केलेल्या कामात एकच कामगार असला तरी ईएसआय लागू करता येईल.

पण विजेवर चालणारा कारखाना म्हणजे किमान वीस कामगारांचा, अशी व्याख्या झाली. आधी दहाचा होता. बारा-पंधरा माणसांच्या प्रेसशेडला आता सर्वसाधारण आस्थापनेचीच कर्तव्यं उरली. आणि राष्ट्रीय पातळीवर जी संस्था आली, ती व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य सल्लागार मंडळ. सल्लागार. तिच्याकडे ना हप्ते जमा होणार, ना भरपाई तिच्या वहीत चढणार. भरपाई एका संहितेत, सुरक्षा दुसऱ्या संहितेत. एकाच वर्षी, एकाच संसदेनं दोन्ही लिहिल्या, तरी दोन घरं दोनच राहिली.

पुनर्वसनाची गोष्ट अशीच अर्धवट. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे एक सुतार होता. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. कोष्टकाप्रमाणे हे आंशिक अपंगत्व. न्यायालयानं म्हटलं, सुताराला एका हातानं सुतारकाम करता येत नाही, म्हणून याची कमाई शंभर टक्के गेली. निकालाला इतकी वर्षं झाली, पण त्या सुतारानं पुढे काय काम करावं हे विचारणारी यंत्रणा अजून नीट उभी नाही. ईएसआय कृत्रिम अवयव देते, आणि व्यवसाय प्रशिक्षणासाठी दिवसाला १२३ रुपये किंवा प्रत्यक्ष फी देण्याची योजनाही तिच्याकडे आहे. भत्ता चालू असताना मालकाला कामगाराला काढता येत नाही. भत्ता बंद झाला की येतं. मग तो दुसऱ्या ठेकेदाराकडे जातो. तर्जनी नसलेल्याला प्रेसशिवाय दुसरं येत नसतं, आणि पकड कमी झाल्यामुळे त्याचा काउंट कमी येतो.

सुवासारखी संस्था उद्या भारतात उभी राहील असं मला वाटत नाही, आणि तिची वाट पाहत बसायची गरजही नाही. ईएसआयकडे पैसा आहे, माहिती आहे, देशभर कार्यालयं आहेत. संसदेला नवं काही शोधायचं नाही; ६६ व्या कलमाचा १९४८ चा मजकूर सामाजिक सुरक्षा संहितेत घालायचा आहे. तोवर राज्य सरकारला एक गोष्ट कायदा न बदलता करता येईल. बोट किंवा हात गेल्याची जी वर्दी महामंडळाकडे येते, तिची प्रत त्याच दिवशी औद्योगिक सुरक्षा संचालनालयाच्या त्या भागातल्या अधिकाऱ्याकडे जावी, आणि त्यानं येऊन पाहिल्याशिवाय ती प्रेस पुन्हा सुरू होऊ नये. बोट गेल्यावर त्या प्रेसवर दुसरा मुलगा बसवला जातो तो बहुधा त्याच पाळीत, डाय पुसून.